परफ्यूमवरचं 'पुरुषांसाठी' आणि 'स्त्रियांसाठी': लेबल बाजूला ठेवून निवडायचं कसं, बोलायचं कसं

बाटलीवर 'पुरुषांसाठी' किंवा 'स्त्रियांसाठी' असं छापलेलं असतं. त्यावरून एवढंच कळतं की तो परफ्यूम कोणत्या कपाटात मांडायचा, जाहिरातीत कोणाला उभं करायचं आणि तो बनवणाऱ्याला कोणत्या रुळलेल्या साच्याच्या आसपास राहायला सांगितलं होतं. तो तुमच्या अंगावर कसा खुलेल, किती तास टिकेल, चार माणसांत बसल्यावर शेजाऱ्याला त्रास होईल का, यातलं काहीच लेबल सांगत नाही. तरीही बहुतेक लोक अर्धं दुकान न हुंगताच बाद करतात आणि उरलेल्या अर्ध्यातून, त्यातल्या त्यात बरा वाटला म्हणून, काहीतरी उचलतात. हे टाळायचं तर साचे ओळखता यायला हवेत, नाकाची नीट परीक्षा घेता यायला हवी आणि वासाबद्दल नेमके शब्द जिभेवर असायला हवेत.

साचे कुठून आले

जर्मनीतल्या कलोन शहरात योहान मारिया फरिना याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जे सुगंधी पाणी बनवलं, त्यावर स्त्री-पुरुष असा शिक्का नव्हता. लिंबू-संत्र्याच्या जातीची तेलं आणि थोड्या वनस्पती, असं ते पाणी कोणीही वापरायचं. अत्तराच्या कुपीवरही परंपरेने पदार्थाचं नाव असतं, वापरणाऱ्याचं नाही. ठळक वाटणी झाली ती विसाव्या शतकात, सौंदर्यप्रसाधनांच्या आणि दाढीच्या सामानाच्या बाजारपेठा वेगवेगळ्या वाढल्या तेव्हा.

आज 'मर्दानी' म्हणून जो वास डोक्यात बसलेला असतो, त्यातला मोठा भाग 'फूजेर' नावाच्या एका जुळणीचा आहे. यात लॅव्हेंडर, ओकमॉस हे झाडावर वाढणारं दगडफुलाच्या जातीचं लायकेन आणि कुमारिन असे तीन मुख्य पदार्थ असतात. कुमारिनला वाळलेल्या गवतासारखा, किंचित गोडसर वास असतो. 1868 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आलं आणि 1882 मध्ये उबिगाँ या परफ्यूम बनवणाऱ्या फ्रेंच घराण्याच्या 'फूजेर रोयाल'मध्ये ते वापरलं गेलं. या जुळणीला नावही त्या परफ्यूमवरूनच मिळालं. पुढे हीच जुळणी दाढीचा फेस, साबण, आफ्टरशेव्ह यांत इतकी पसरली की लहानपणापासून घरातल्या दाढीच्या डब्यातून ती सगळ्यांच्या नाकात भिनली. त्यामुळे फूजेर हुंगून 'हा पुरुषाचा वास' असं जे वाटतं, ती बरीचशी दाढीच्या फेसाची आठवण असते.

याच पदार्थांचं दुसरं रूप पाहा. 1889 चा गेर्लँ या घराण्याचा 'जिकी' लॅव्हेंडर, कुमारिन आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं मुख्य द्रव्य) यांवर उभा आहे आणि तो स्त्रिया आणि पुरुष दोघांनीही वापरला. 1925 चा 'शालिमार' स्त्रियांचा म्हणून प्रसिद्ध, त्यात व्हॅनिलिन भरपूर. 1934 मध्ये कारों या घराण्याने लॅव्हेंडर आणि व्हॅनिला यांची जोडी 'पूर अन ऑम' म्हणजे 'पुरुषासाठी' अशा थेट नावाने आणली. व्हॅनिला तीच, पण सोबतीचे पदार्थ बदलले आणि नाव बदललं.

'ओल्ड स्पाइस'चं उदाहरण तर आणखी सरळ आहे. 1937 मध्ये ते आधी स्त्रियांसाठी आलं, पुरुषांचं 1938 मध्ये. आज ते नाव घेतलं की पुरुषांचं आफ्टरशेव्हच आठवतं.

फुलांबाबतही तेच. फुलं म्हणजे बायकांचं, हा समज पक्का असला तरी 1966 च्या 'ओ सोव्हाज' या पुरुषांच्या परफ्यूममध्ये परफ्यूमकर्ते एडमों रुदनित्स्का यांनी हेडिओन वापरलं. ते जाईच्या फुलात सापडणाऱ्या द्रव्याच्या जवळचं आहे. 1988 च्या 'फॅरनहाइट'मध्ये व्हायोलेटची पानं आहेत, 2005 च्या 'डिओर ऑम'मध्ये चेहऱ्याच्या पावडरीची आठवण करून देणारं आयरिस आहे. पुरुषांच्या कितीतरी परफ्यूममध्ये जिरेनियम असतं, आणि जिरेनियमच्या तेलात गुलाबाच्या तेलातलीच जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही द्रव्यं असतात. आखाती देशांत तर पुरुष गुलाब आणि ऊद (अगरूच्या लाकडाचा सुगंध) खुशाल लावतात, तिथे गुलाबाला बायकी कोणी म्हणत नाही. उलट बाजूने, जर्मेन सेलिए या परफ्यूमकर्तीने 1944 मध्ये केलेला 'बँडिट' स्त्रियांसाठी होता आणि त्याला चामड्याचा कडवट, धुरकट वास आहे. आज तो डोळे बांधून हुंगायला दिला तर बरेच लोक पुरुषांचा म्हणून मोकळे होतील.

'ताजा मर्दानी' म्हणून जो वास ओळखला जातो, तो बऱ्याचदा डायहायड्रोमर्सेनॉल या द्रव्याचा असतो. लिंबाच्या जवळचा पण किंचित धातूसारखा, थंड. 1982 चा 'ड्राकार न्वार' आणि 1988 चा 'कूल वॉटर' यांच्यानंतर तो सर्वत्र झाला. हेच द्रव्य कपडे धुण्याच्या पावडरींतही असतं, म्हणून या जातीच्या परफ्यूमला 'स्वच्छ' म्हणणारे लोक भेटतात आणि ते चूकही नसतात. गोडाच्या बाजूला एथिल माल्टॉल आहे, 'बुढ्ढी के बाल' म्हणजे कॉटन कँडीसारखा वास. 1992 च्या 'एंजल'मध्ये ते पचौली या मातकट वासाच्या पानाबरोबर भरपूर वापरलं गेलं, आणि 1996 मध्ये त्याच घराण्याने पचौलीचा तोच कणा ठेवून पुरुषांसाठी 'ए मेन' काढला.

ही नावं पाठ करायची गरज नाही. दुकानात एखादा वास 'आपल्यातला नाही' असं वाटलं की तो पदार्थामुळे, की तो आधी कुठे हुंगला होता त्यामुळे, हे स्वतःला विचारता आलं म्हणजे पुरे.

लेबल न बघता नाकाची परीक्षा

नाव कळलं की नाक बदलतं. 2001 मधल्या एका प्रयोगात एकच मिश्रण लोकांना दोन वेगवेगळ्या नावांनी दिलं गेलं: एकदा चीज म्हणून, एकदा उलटी म्हणून. वास तोच, पण नावाप्रमाणे लोकांचं मत पार उलटं झालं. बाटलीचा रंग, आकार आणि 'हिच्यासाठी', 'त्याच्यासाठी' हे शब्द याच मार्गाने काम करतात. म्हणून पहिली फेरी नाव झाकूनच करावी. सोबत एक माणूस लागतो, ज्याने स्वतः त्या दिवशी काही लावलेलं नसावं आणि हातही बिनवासाच्या साबणाने धुतलेले असावेत.

1. चार परफ्यूम निवडायला सोबत्याला सांगा: दोन पुरुषांच्या कपाटातले, दोन स्त्रियांच्या. फार गाजलेले टाळायला सांगा. ओळखीचा वास नाकात गेला की नाव आपोआप आठवतं आणि परीक्षा फुकट जाते.

2. चार कागदी पट्ट्या घ्या, दुकानात मिळतात. सोबत्याने प्रत्येकीच्या मागे आकडा लिहावा आणि मग सुमारे 15 सेंटिमीटरवरून एकेकच फवारा मारावा. एकीवर दोन आणि एकीवर एक असं झालं तर जास्त फवाऱ्याची पट्टी 'उग्र' ठरते, आणि उग्र म्हणजे पुरुषी असा निष्कर्ष नकळत निघतो.

3. अर्धा मिनिट थांबा. सुरुवातीचा चरचरीत वास अल्कोहोलचा असतो, परफ्यूमचा नाही.

4. पट्टी नाकाला न टेकवता एक-दोन सेंटिमीटर दूर धरा, छोटे दोन श्वास घ्या, बाजूला करा. प्रत्येक पट्टीसाठी तीन शब्द लिहा. 'छान', 'मस्त', 'पुरुषी', 'बायकी' हे चार शब्द वर्ज्य.

5. पट्ट्या एकमेकींना लागू देऊ नका. टेबलाच्या कडेला, टोक बाहेर काढून, हातभर अंतरावर ठेवा.

6. 20 मिनिटांनी पुन्हा, मग तीन तासांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा हुंगलंत तर तळाचा वास कळतो.

7. सगळं लिहून झाल्यावरच आकडे आणि नावं जुळवा.

बहुतेकांना यात एक तरी धक्का बसतो आणि तो बसावाच. पहिल्या मिनिटात लिंबू, मिरी, लॅव्हेंडर यांचे झटकन उडणारे रेणू पुढे असतात, त्यामुळे पट्ट्या चटकन वेगळ्या वाटतात. तीन तासांनी उरतात ती लाकडं, मस्क (कस्तुरीसारखा वास), व्हॅनिला, अंबर (राळेसारखा गोडसर वास). तिथे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या बाटल्या आश्चर्य वाटावं इतक्या जवळ येतात. दुकानात फक्त पहिला मिनिट हुंगून घेणारा माणूस म्हणजे जाहिरातीचा मिनिट विकत घेतो, आणि पुढचे सहा तास त्याच्या अंगावर काहीतरी वेगळंच असतं.

एका वेळी चारहून जास्त पट्ट्या नकोत. नाक थकतं, आणि थकलेल्या नाकाला सगळेच वास फिके आणि सारखे वाटू लागतात. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं असं काउंटरवर सांगतात, त्याला आधार नाही. बाहेर जाऊन मोकळी हवा घ्या, किंवा स्वतःच्या कोपराच्या आतला, काही न लावलेला भाग हुंगा.

आणखी एक अडचण माहीत असू द्या. काही माणसांना ठरावीक द्रव्यांचा वास येतच नाही, बाकीचं नाक अगदी उत्तम असलं तरी. कित्येक प्रकारच्या कृत्रिम मस्कबाबत असं होतं. व्हायोलेटच्या वासातलं बीटा-आयोनोन कोणाला फुलासारखं येतं आणि कोणाला जवळजवळ नाहीच, आणि हा फरक जनुकातला आहे. त्यामुळे 'याला तर वासच नाही' असं वाटलं तर दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय आणखी फवारे मारू नका. कदाचित खोलीतल्या बाकी सगळ्यांना तो येत असेल.

अंगावर

पट्टीवर टिकलेले दोनच परफ्यूम अंगावर घ्या, एका हाताला एक. मनगटापेक्षा कोपराच्या खालचा आतला भाग बरा, कारण मनगटाला घड्याळ, साबण, पाणी सतत लागतं. लावल्यावर चोळू नका. चोळल्याने 'रेणू तुटतात' ही समजूत चुकीची आहे. होतं ते इतकंच की उष्णतेने वरचे हलके वास लवकर उडतात आणि दोन्ही मनगटांवरचं तेल, घाम, क्रीम एकत्र होतं.

'पुरुषांच्या त्वचेवर वेगळा वास येतो' या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. सरासरी पाहिली तर पुरुषांची त्वचा जास्त तेलकट असते आणि तेलकट त्वचेवर वास जास्त वेळ धरून राहतो. पण दोन पुरुषांमधला किंवा दोन स्त्रियांमधला फरक या सरासरीच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून लेबलापेक्षा स्वतःच्या त्वचेकडे बघा. कोरडी असेल तर बिनवासाचं मॉइश्चरायझर आधी लावा, दहा मिनिटांनी परफ्यूम. तेलकट असेल तर एक फवारा कमी. दाढी केल्याबरोबर गालावर परफ्यूम नको. अल्कोहोलने झोंबतं आणि सोललेल्या त्वचेवर अॅलर्जी व्हायची शक्यता वाढते. त्याऐवजी कपड्याच्या आतल्या बाजूला किंवा छातीवर. रेशमी आणि पांढऱ्या कपड्यावर थेट मारू नका, गडद रंगाच्या द्रवाचे डाग राहतात.

तीव्रता: इथे शब्द सगळ्यात जास्त फसवतात

उत्तर अमेरिकेत पुरुषांच्या कोणत्याही परफ्यूमला सरसकट 'कलोन' म्हणतात आणि तो शब्द आता सगळीकडे पोचला आहे. पण बाटलीवरच्या भाषेत 'ओ द कलोन' हे सुगंधी द्रव्याच्या प्रमाणाचं नाव आहे, साधारण 2 ते 5 टक्के. 'ओ द ट्वालेत' म्हणजे अंदाजे 5 ते 15, 'ओ द पारफँ' 15 ते 20, आणि नुसतं 'पारफँ' किंवा 'एक्स्त्रे' 20 च्या वर. हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत, प्रत्येक घराणं थोडं इकडेतिकडे करतं. पुरुषांचे परफ्यूम बहुधा 'ट्वालेत'मध्ये आणि स्त्रियांचे 'ओ द पारफँ'मध्ये विकण्याची रीत पडली, त्यावरून 'बायकांचे जास्त टिकतात' असा समज झाला. टिकतं ते प्रमाण आणि जड पदार्थ. पुरुषांचा म्हणून विकला जाणारा 'ओ द पारफँ' तितकाच टिकेल.

नेहमीच्या पंपाचा एक फवारा साधारण 0.1 मिलिलिटर असतो, म्हणजे 50 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 500 फवारे आणि 2 मिलिलिटरच्या नमुन्यात वीसच्या आसपास. सुरुवातीला हा हिशेब धरा: 'ओ द ट्वालेत' असेल तर तीन, 'ओ द पारफँ' दोन, एक्स्त्रे एक. बंद खोलीत, वातानुकूलित गाडीत किंवा दवाखान्यात जायचं असेल तर त्याहून एक कमी, एकच असेल तर तोही नको. हात लांब केल्यावर जेमतेम पोचेल इतक्या अंतरावरच्या माणसाला तुमचा वास येत नसेल आणि मिठी मारणाऱ्याला येत असेल, तर प्रमाण बरोबर. अर्ध्या तासाने स्वतःला वास येईनासा होतो, कारण नाकाला सवय होते. परफ्यूम उडाला असं समजून पुन्हा मारणं ही सगळ्यात नेहमीची चूक. चार तास तरी थांबा किंवा बाहेरून आलेल्या कोणाला विचारा.

डिओडरंट आणि अँटिपर्स्पिरंट ही वेगळी कामं आहेत. पहिलं घामाच्या दुर्गंधीला आवर घालतं, दुसऱ्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामच कमी करतात. परफ्यूम घामावर मारला की दोन वास होतात, एक जात नाही. डिओडरंट आणि परफ्यूम एकत्र वापरायचे असतील तर डिओडरंट बिनवासाचं घ्या, नाहीतर त्यातला फूजेर तुमच्या गुलाबावर बसतो आणि मग गुलाबाला दोष दिला जातो.

'बायकी' आणि 'मर्दानी' यांच्याऐवजी काय म्हणायचं

या दोन शब्दांनी वासाचं वर्णन होत नाही आणि विक्रेत्याला, भेट देणाऱ्याला, घरच्यांना काहीच कळत नाही. पण हे शब्द वापरणाऱ्याला काहीतरी जाणवलेलं असतं, ते उकलून घ्यायचं.

कोणी 'बायकी वाटतो' म्हटलं की बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते. एक, पावडरी: आयरिस, व्हायोलेट, मऊ मस्क. दोन, पांढरी फुलं: मोगरा, जाई, निशिगंध यांच्या जातीची, ज्यांत इंडोल नावाचं द्रव्य असतं आणि त्याने वासाला जडपणा येतो. तीन, गोड: व्हॅनिला, साखर, फळं. 'म्हणजे पावडरी वाटतो की गोड?' एवढं विचारलं तरी पुढचा माणूस स्वतः नेमका होतो. 'मर्दानी' म्हटलं की वाळ्यासारखं कोरडं मूळ, देवदाराचं लाकूड, दाढीचा फेस, थंड ताजेपणा किंवा चामडं-धूर यांपैकी काहीतरी. आणि 'उग्र' हा शब्द तर तीन वेगळ्या तक्रारींना वापरला जातो: प्रमाण जास्त, वास टोचणारा, किंवा प्राण्याच्या अंगासारखा. पहिल्याला उपाय कमी फवारे, दुसऱ्याला दहा मिनिटं थांबणं, तिसऱ्याला दुसरा परफ्यूम.

मराठीत वासासाठी शब्दांची टंचाई नाही, ते परफ्यूमसाठी वापरायची सवय नाही इतकंच. मातकट, हिरवट, तुरट, धुरकट, साबणी, औषधी, ओलसर, आंबूस, करपट, कोरडा, पावडरी, चरचरीत. वास किती लांब जातो यासाठीही आपल्याकडे पायऱ्या आहेत: दरवळ हवाहवासा, घमघमाट खोलीभर, आणि भपकारा नको असताना अंगावर येणारा. काउंटरवर 'जेंट्समधलं दाखवा' म्हणण्याऐवजी असं म्हणून बघा: 'कोरडा, लाकडाचा, थोडा धुरकट चालेल, गोड नको, साबणी नको, आणि जवळच्यालाच कळेल इतका.' अनुभवी विक्रेता दोन्ही कपाटांतून तीन बाटल्या काढतो. तरीही तो 'हे लेडीजचं आहे' म्हणाला तर वाद नको: 'असू दे, पट्टीवर द्या.'

दुसऱ्याच्या वासाबद्दल बोलताना

हा भाग नाजूक आहे आणि यात स्त्री-पुरुषांना वेगळी मापं लावली जातात. पुरुषाने गोड किंवा फुलांचं लावलं की चेष्टा होते. स्त्रीने जड, लांब जाणारं लावलं की तिच्या स्वभावावर, कधीकधी चारित्र्यावर बोललं जातं. दोन्ही वेळा बोलणं वासाबद्दल नसतं, माणसाबद्दल असतं. म्हणून बोलताना विषय बाटलीवर ठेवायचा.

'तुमचा वास येतोय' हे वाक्य कौतुक म्हणूनही वापरू नका. मराठी कानाला ती तक्रारच वाटते, आणि शरीराबद्दलची. 'तुमचा परफ्यूम छान आहे, कुठला?' हे स्वच्छ आहे. ओळख बेताची असेल तर 'छान आहे' इथेच थांबा, नाव विचारणं पुढच्या वेळी. 'मादक', 'धुंद करणारा' हे शब्द जाहिरातीत शोभतात, कार्यालयात सहकारी स्त्रीला किंवा पुरुषाला म्हणू नयेत.

कोणी 'काय सेंट मारलाय!' म्हणालं तर त्यात कौतुकाचा सूर असला तरी प्रमाण जास्त झालंय असं समजा आणि उद्या एक फवारा कमी करा.

एखाद्याला प्रमाण जास्त होतंय हे सांगायचं असेल तर एकट्याला गाठून, आणि दोष स्वतःच्या नाकावर घेऊन: 'मला वासाचा थोडा त्रास होतो, डोकं धरतं. जवळ बसतो त्या दिवशी जरा कमी लावाल का?' वरिष्ठांना सांगताना 'लावाल का'च्या आधी 'जमलं तर' घाला. 'हा कसला बायकी वास' किंवा 'किती भडक' असं कधीच नको, समोरचा दुखावतो आणि प्रमाण तेवढंच राहतं. तक्रार परफ्यूमची नसून घामाची असेल तर परफ्यूमचा विषयच काढू नका. तसं केलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट परफ्यूम मारून येतो.

मुलाने बहिणीची बाटली वापरली किंवा मुलीला बाबांचं आफ्टरशेव्ह आवडलं तर घरातले पटकन हसतात. ते हसू पुढे वर्षानुवर्षं त्या मुलाच्या निवडीत राहतं. त्यापेक्षा 'तुला त्यातलं काय आवडलं, गोडपणा की ताजेपणा?' असं विचारावं. वासाला शब्द द्यायची सवय याच वयात लागते.

भेट द्यायची असेल तर

कपाट बघून भेट घेणं टाळा. ज्याला द्यायचं त्याच्या सध्याच्या बाटलीचं नाव मिळवा आणि ती संपत आलीय की वर्षभर भरलेलीच आहे, ते बघा. संपत आलेली बाटली खरी आवड सांगते, भरलेली बाटली फक्त कोणाची तरी भेट. तेही जमलं नाही तर साबण, शाम्पू, क्रीम यांचे वास बघा, ते माणूस रोज स्वतः निवडतो. एका बाटलीऐवजी 2 मिलिलिटरचे चार-पाच नमुने द्या, दोन्ही कपाटांतले, आणि शक्य असेल तर वरची नावं झाकून, आकडे घालून. जो आधी संपेल त्याची मोठी बाटली नंतर.

घेतलेली बाटली अंगाला जमली नाही तर लगेच कोणाला देऊन टाकू नका. उन्हाळ्यात घेतलेला जड, गोड परफ्यूम थंडीत बरा लागतो, कारण थंड हवेत वास हळू उडतो. थंडीत पातळ वाटलेला लिंबाचा परफ्यूम उन्हाळ्यात खुलतो. तोवर बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. न्हाणीघरात नको, तिथली रोजची गरम वाफ आणि खिडकीचं ऊन दोन्ही परफ्यूमला लवकर खराब करतात. ऋतू बदलल्यावरही नाहीच जमला तर तो अंगाऐवजी स्कार्फच्या टोकाला किंवा कोटाच्या अस्तराला एक फवारा मारून बघा. कापडावर त्वचेची उष्णता आणि तेल मध्ये येत नाही, त्यामुळे अंगावर गोडमिट्ट होणारे कितीतरी परफ्यूम तिथे कोरडे आणि शांत राहतात.